काट्याला शिक्का आहे, बिलाच्या संगणकाला काय?

दुकानातल्या वजनकाट्याची पडताळणी आपण ठरल्या मुदतीत वैधमापन खात्याकडून करून घेतो. शिक्का नसेल तर दंड होईल ही भीती असते, आणि माप चोख असावे ही आपली स्वतःचीही इच्छा असते. सराफ सोने हातात आले की आधी कसोटीच्या दगडावर घासतो. मालेगाव-भिवंडीच्या कारखान्यात ताग्याची घडी घालताना कोणीतरी एकेक वार डोळ्यांखालून घालतो, आणि हा माणूस बहुधा तो तागा विणणारा नसतो. तपासल्याशिवाय माल पुढे जाऊ द्यायचा नाही, ही रीत आपल्या बापजाद्यांनी घालून दिलेली आहे.

मात्र ज्या संगणकावर दिवसभराची बिले, गिऱ्हाइकांची उधारी, गोदामातील शिल्लक आणि जीएसटीचा सारा हिशेब चालतो, तो हिशेब बरोबर करतो की नाही हे आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी तपासून पाहिले आहे? विकणाऱ्याने पाच बिले काढून दाखवली, ती बरोबर आली, आपण पैसे मोजले. त्यानंतर पडद्यावर जे येईल ते खरे, असा आपला समज होऊन बसतो.

सॉफ्टवेअरची चाचणी आणि देखभाल हा प्रोग्राम लिहिण्याहून वेगळा असा एक स्वतंत्र हुन्नर आहे. आपल्या मुलामुलींनी तो रीतसर शिकावा आणि आपण दुकानदारांनीही त्याची मूळ तत्त्वे समजून घ्यावीत, असे मला वाटते. यात प्रश्न केवळ नोकरीचा नाही. न तपासलेल्या हिशेबावर विश्वास ठेवला तर निरपराध माणूस चोर ठरतो. हे ब्रिटनमध्ये घडले आहे, आणि ज्यांच्या बाबतीत घडले ते बहुतेक आपल्यासारखेच लहान दुकानदार होते.

पोस्टातील दुकानदार

ब्रिटनमध्ये पोस्टाच्या बहुतेक शाखा सरकारी इमारतीत नसून किराणा-स्टेशनरीच्या दुकानात असतात. दुकानदारच कराराने तेथील पोस्टमास्तर असतो. त्यांत भारत-पाकिस्तानातून तेथे गेलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. १९९९ पासून या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवली गेली. फुजित्सु या जपानी कंपनीची ब्रिटनमधील शाखा ती सांभाळत होती. थोड्याच दिवसांत शाखाशाखांतून तक्रारी येऊ लागल्या. रोकड मोजली तर एक आकडा येतो आणि संगणक मात्र त्याहून जास्त रोकड असायला हवी असे सांगतो. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी दुकानदाराची. कोणी बचत मोडली, कोणी घर गहाण टाकले. ज्यांना भरता आले नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोटा हिशेब लिहिल्याचे खटले झाले.

१९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. त्यांतील सुमारे सातशे खटले स्वतः पोस्टाने चालवले होते. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या महिलेला नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची कैद झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी मदत केंद्राला वारंवार दूरध्वनी करून हिशेब जुळत नसल्याचे कळवले होते. तरीही दावा त्यांच्यावरच झाला, आणि खर्चाचा बोजा अंगावर पडून त्यांचे दिवाळे निघाले. प्रत्येकाला सांगितले जाई, अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. न्यायालयातही संगणक बरोबर आहे हे गृहीत धरले जाई. संगणक नीट चालत होता हे आधी दाखवले पाहिजे, अशी जी अट तेथील कायद्यात होती ती १९९९ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली होती.

अ‍ॅलन बेट्स या दुकानदाराने पुढाकार घेतला आणि ५५५ जणांनी मिळून दावा लावला. १६ डिसेंबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की या प्रणालीत दोष होते आणि त्यांच्यामुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसू शकत होती. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, त्यांत सीमा मिश्राही होत्या. मे २०२४ मध्ये तर संसदेने खास कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील उरलेल्या शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. जुलै २०२५ च्या चौकशी अहवालात किमान तेरा आत्महत्यांचा संबंध कुटुंबीयांनी या प्रकरणाशी जोडल्याची नोंद आहे.

यातला एक दोष किती साधा होता ते पाहा. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या डालमेलिंग्टन गावातील शाखेत ८,००० पौंडांची रोकड आल्याची नोंद करायची होती. पडदा जागचा हलेना, म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबले गेले. संगणकाने तीच रक्कम चार वेळा जमा धरली, म्हणजे ३२,००० पौंड. प्रत्यक्षात रोकड आठच हजारांची. चोवीस हजारांची तूट उभी राहिली आणि एक पैसाही कोणी घेतला नव्हता.

चाचणीचे काम शिकणाऱ्या मुलाला अगदी सुरुवातीलाच हे शिकवतात की पडदा अडकला तर घाईतला माणूस तेच बटण दोनदा-तीनदा दाबणार, तेव्हा ते दाबून पाहा. आता आपल्या दुकानाचा विचार करा. गल्ल्यात कमी भरले की आपला पहिला संशय कोणावर जातो? काउंटरवरच्या पोरावर. संगणकावर कोणाचाच संशय जात नाही. एखाद्या गरीब पोराची रोजी आणि अब्रू न तपासलेल्या यंत्राच्या शब्दावर जाऊ नये, एवढी जबाबदारी मालक म्हणून आपल्यावर आहेच.

तपासायचे म्हणजे काय करायचे

पुष्कळांना वाटते की प्रोग्राम चालवून पाहिला, चालला, म्हणजे चाचणी झाली. ग्लेनफोर्ड मायर्स यांनी १९७९ साली या विषयावर जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी हीच समजूत मोडून काढली. प्रोग्राम बरोबर आहे हे दाखवण्यासाठी चाचणी करायची नसते, त्यातील चुका सापडाव्यात म्हणून करायची असते. ज्याला ‘बरोबर आहे’ असे दाखवायचे असते तो नकळत सोपी बिले निवडतो. ज्याला चूक शोधायची असते तो अवघड बिले शोधतो. म्हणूनच लिहिणाऱ्याने आपले काम स्वतः तपासावेच, पण शेवटची तपासणी दुसऱ्याच्या डोळ्यांनी व्हावी.

दुसरे तत्त्व असे की सगळेच तपासणे शक्य नसते. हजारो वस्तू, अनेक दर, निरनिराळ्या सवलती, यांचे सर्व मेळ घालून पाहायला जन्म पुरणार नाही. म्हणून नमुने निवडावे लागतात. एकसारख्या वागणाऱ्या गोष्टींचा एक गट धरावा आणि गटातला एखादा नमुना तपासावा. आणि जेथे एक नियम संपून दुसरा सुरू होतो त्या सीमेवर हमखास तपासावे, कारण चुका तेथेच जास्त सापडतात.

तयार कपड्यांचे उदाहरण घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी ही सीमा १,००० रुपयांची होती, खाली ५ टक्के आणि वर १२ टक्के. आपल्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढील बिले करून पाहा. कर सोडून किंमत २,४९९ रुपये, मग २,५०० रुपये, मग २,५०१ रुपये. पहिल्या दोहोंना ५ टक्के लागले पाहिजेत, तिसऱ्याला १८. मग २,७०० रुपयांच्या शेरवानीवर बिलातच दहा टक्के सूट द्या. विक्रीची किंमत २,४३० झाली, तेव्हा दर ५ टक्के आला पाहिजे. मग १,५०० रुपयांचे दोन कुर्ते एकाच बिलात घाला. एकूण ३,००० झाले तरी दर नगावर ठरतो, म्हणून ५ टक्केच. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये १२ टक्क्यांनी विकलेला १,८०० रुपयांचा नग ऑक्टोबरमध्ये परत आला असे धरून क्रेडिट नोट काढा. तीत जुना १२ टक्के दरच आला पाहिजे, कारण कर मूळ बिलात तेवढा लावलेला होता.

ही सहा बिले म्हणजे फार तर अर्ध्या तासाचे काम. पण एक पथ्य पाळले पाहिजे. प्रत्येक बिलाचे उत्तर आधी हाताने काढून वहीत लिहा आणि मग संगणकाला विचारा. उत्तर आधी लिहिलेले नसेल तर पडद्यावर जे येईल तेच आपल्याला बरोबर वाटू लागते.

याखेरीज रोजच्या व्यवहारातली गोंधळाची ठिकाणे तपासावीत. बिल अर्धे झाले असताना वीज गेली तर काय होते? नग शून्य टाकला तर? ३१ मार्चच्या रात्री बिलांचे क्रमांक नव्या वर्षात नीट सुरू होतात का? प्रिंटर अडकला म्हणून छापण्याचे बटण दोनदा दाबले तर बिल दोनदा छापले जाते, की दोन विक्री नोंदल्या जातात? या दोहोंत फार फरक आहे. पहिल्यात कागद वाया जातो, दुसऱ्यात माल.

चूक सापडली की ती नीट सांगता येणे हाही या हुन्नराचा भाग आहे. ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ या तक्रारीवर कोणीही काही करू शकत नाही. कोणत्या तारखेचे, कोणत्या क्रमांकाचे बिल, काय काय भरले, काय यायला हवे होते आणि काय आले, एवढे लिहून दिले की दुरुस्ती करणाऱ्याला ती चूक आपल्या संगणकावर पुन्हा घडवून पाहता येते. पुन्हा घडवता आली की निम्मे काम झाले समजावे.

देखभाल ही एकदाची नसते

मिरजेचा कारागीर सतार करून देतो तेवढ्यावर त्याचे काम संपत नाही. वाजवून वाजवून तारांनी घोडी घासली जाते, सूर बिघडतो आणि जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. सॉफ्टवेअर असे घासत नाही. पण त्याच्या भोवतालचे जग बदलते, आणि मग काल बरोबर असलेला प्रोग्राम आज चुकतो. वर सांगितलेला कराचा बदल हेच त्याचे उदाहरण आहे. एका रात्रीत दर बदलले आणि आदल्या दिवसापर्यंत बिनचूक असलेली बिले चुकीची ठरली.

या शास्त्रात देखभालीचे चार प्रकार सांगतात. सापडलेला दोष दुरुस्त करणे हा पहिला. कर, कायदा, नवे यंत्र यांप्रमाणे प्रोग्राम बदलणे हा दुसरा. वापरणाऱ्याच्या सोयीसाठी त्यात सुधारणा करणे हा तिसरा. आणि पुढे बिघाड होऊ नये म्हणून आधीच काळजी घेणे हा चौथा. आपण बहुधा पहिल्यालाच देखभाल समजतो आणि तेवढ्याचेच पैसे देतो, तेही कुरकुर करत.

येथे एक धोका आहे. एक चूक दुरुस्त करताना दुसरीकडे नवी चूक शिरते. तेव्हा प्रत्येक बदलानंतर पूर्वी बरोबर आलेली बिलेसुद्धा पुन्हा काढून पाहावीत. जुने सॉफ्टवेअर नव्या कामाला लावले तरीही तसेच करावे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्यात आधीच्या एरियन-४ चा प्रोग्राम घेतलेला होता. नव्या रॉकेटचा वेग वेगळा असल्यामुळे एक आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावेना, आणि नव्या मार्गावर तो भाग तपासून पाहिलेलाच नव्हता. जुन्या रॉकेटवर तो नीट चालला होता, यावरच सगळे विसंबले.

देखभालीला दुय्यम काम समजू नये. सन २००० येण्यापूर्वी जगभरच्या जुन्या प्रोग्रामांमध्ये वर्षाचे दोनच अंक लिहिलेले होते. ते दुरुस्त करण्याच्या कामाने भारतातील सॉफ्टवेअर कंपन्यांना परदेशाची दारे मोठ्या प्रमाणावर उघडून दिली. ते काम देखभालीचे आणि चाचणीचेच होते.

शिकायचे कसे

‘चाचणी शिका आणि नोकरीची हमी मिळवा’ अशा जाहिराती शहरोशहरी दिसतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन हजारो रुपये भरतात. तेथे मुलाला एखादे साधन कसे चालवायचे ते दाखवतात, पण काय तपासायचे आणि का, हे शिकवत नाहीत. रंधा कोणता विकत घ्यावा हे शिकलेला पोरगा सुतार होत नाही. आधी तत्त्व, मग साधन, असा क्रम असावा.

तत्त्वांसाठी फार खर्च लागत नाही. आयएसटीक्यूबी ही आंतरराष्ट्रीय संस्था २००२ पासून चाचणीच्या परीक्षांचे अभ्यासक्रम ठरवते. तिच्या पायाभूत परीक्षेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत मिळतो, आणि त्या परीक्षेला पदवीची अट नाही. चाळीस प्रश्न, साठ मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यास सव्वीस गुण. परीक्षेचे शुल्क भरायचे की नाही ते मागाहून ठरवा. अभ्यासक्रम मात्र आजच उतरवून घेऊन वाचायला लागा. इंग्रजी जड वाटले तर दोघा-तिघांनी मिळून वाचा.

त्याच्या जोडीला माहितीच्या साठ्यातून हवे ते काढण्याची एसक्यूएल भाषा शिकावी, म्हणजे पडद्यावरचा आकडा आणि आत साठवलेला आकडा ताडून पाहता येतो. मग पायथन किंवा जावा यांपैकी एक भाषा, आणि मग सेलेनियमसारखे साधन. तेही फुकट आहे. त्याने तीच तीच तपासणी संगणकाकडूनच करून घेता येते. केवळ हाताने बटणे दाबून तपासणाऱ्याला यापुढे काम मिळणे अवघड आहे, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्ता आता झपाट्याने प्रोग्राम लिहून देते. पण लिहिणे जितके स्वस्त होईल तितकी पारख महाग होईल, असे मला वाटते. मात्र पारख डोक्यात असावी लागते.

सराव कोठे करायचा? मोफत वाटल्या जाणाऱ्या लिबरऑफिस, फायरफॉक्स यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेले दोष कोणीही नोंदवू शकतो. तेथे आपल्या मुलांना एक फायदा आहे. मराठी जोडाक्षरे कोठे तुटतात, उजवीकडून डावीकडे चालणारा उर्दू मजकूर इंग्रजी आकड्यांबरोबर आला की क्रम कसा उलटतो, हे परदेशात बसलेल्या माणसाला सहसा दिसणार नाही. घरात मराठी-उर्दू दोन्ही वाचणाऱ्या मुलीला ते चटकन दिसेल. तिने नोंदवलेले दहा नीटस दोष नोकरी देणाऱ्याला दाखवता येतात, आणि त्यांचे वजन क्लासच्या प्रमाणपत्राहून कमी नसते.

आणि सर्वांत जवळची शाळा म्हणजे आपले दुकान. जो मुलगा उधारी, परतीचा माल, वर्षअखेरची मोजणी हे सगळे लहानपणापासून पाहत आला आहे, त्याला हिशेबाच्या प्रोग्राममध्ये चूक कोठे असू शकते याचा अंदाज शहरातल्या पदवीधराहून अधिक असतो.

दुकानदाराने काय करावे

काही बांधव म्हणतील, आमचे दुकान लहान, आम्हाला एवढा खटाटोप कशाला? ब्रिटनमधील ते दुकानदारही लहानच होते. मोठ्या कंपनीकडे वकील असतो, तपासनीस असतो. लहान माणसाकडे त्याची वही तेवढी असते. तेव्हा वही सोडू नका. आठवड्यातून एक दिवस रोकड आणि निवडक बिले हाताने जुळवा.

सॉफ्टवेअर घेताना विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. कर बदलला तर किती दिवसांत बदल करून द्याल? बदल केल्यावर काय काय तपासता? आणि एखादी नोंद कोणी, केव्हा बदलली हे मागाहून दिसते का? १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला अशी बदलांची नोंद ठेवणे सक्तीचे आहे. मालकीच्या दुकानाला किंवा भागीदारीला तो नियम लागू नाही, पण सोय मागायला नियम कशाला हवा? होरायझनमध्ये शाखेच्या हिशेबात दुरून हात घालता येत होता आणि पोस्टाने ते वर्षानुवर्षे नाकारले. नोंद कोणी बदलली हे ज्याला दिसत नाही, त्याला आपले निरपराधित्व सिद्ध करता येत नाही.

आणि शेवटी, या कामाचे पैसे द्या. काटा दुरुस्त करणाऱ्याला देतो, हिशेबनिसाला देतो, मग जो तुमच्या संगणकाचा हिशेब तपासून देईल त्या होतकरू मुलालाही द्या. बाजारपेठेतल्या दहा दुकानदारांनी मिळून असा एक मुलगा किंवा मुलगी महिन्यातून एक दिवस ठेवली तरी प्रत्येकाला पडणारा खर्च फार होणार नाही. त्या मुलाला अनुभव मिळेल, दुकानदाराला चोख हिशेब मिळेल, आणि पुढच्या वेळी गल्ल्यात कमी भरले तर काउंटरवरच्या पोराला बोलण्याआधी संगणकाची तपासणी होईल.